सत्ताविसाव्या मताची किंमत

२ जुलै २००९ रोजी कॅलिफोर्नियाचे कंट्रोलर जॉन चियांग यांच्या कार्यालयाने राज्याच्या घेणेकऱ्यांना चेकऐवजी वचनचिठ्ठ्या पाठवायला सुरुवात केली. चिठ्ठी दिसायला चेकसारखीच होती. फरक एवढाच की तिच्यावर २ ऑक्टोबरची मुदत होती आणि सोबत ३.७५ टक्के व्याजाचे वचन होते. कुणाला प्राप्तिकराचा परतावा यायचा होता, कुणी सरकारी खात्यांना माल पुरवला होता. आठवडाभर मोठ्या बँकांनी या चिठ्ठ्या वटवल्या, १० जुलैनंतर त्यांतल्या बहुतेकांनी हात आखडता घेतला. अशा सुमारे साडेचार लाख चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांची रक्कम २६० कोटी डॉलरच्या घरात गेली.

जगातल्या पहिल्या दहा अर्थव्यवस्थांच्या पंगतीत बसेल एवढे मोठे हे राज्य आपल्याच नागरिकांची देणी चुकवू शकत नव्हते. मंदीने तिजोरी आटली होती हे खरेच. पण तूट करवाढीने भरायची की खर्चाला कात्री लावून, यावर राजधानी सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात काही केल्या समेट होत नव्हता, आणि समेटाची तिथली अट फार अवघड होती.

आपल्याकडे बहुमत असल्याशिवाय सरकार टिकतच नाही, आणि वेळ अपुरा पडला तर लेखानुदान मंजूर करून काही महिने निभावता येतात. अमेरिकेतल्या राज्यांत गव्हर्नर स्वतंत्रपणे निवडून येतो आणि विधिमंडळ स्वतंत्रपणे. अर्थसंकल्प अडला म्हणून कुणीही घरी जात नाही. त्यामुळे तिथला अर्थसंकल्प मुळातच देवाणघेवाणीतून तयार होतो. त्यात कॅलिफोर्नियाने दोन तृतीयांश मतांची अट घातली होती. साध्या बहुमतावर अर्थसंकल्प न भागणारी आणखी दोनच राज्ये होती, आर्कान्सा आणि ऱ्होड आयलंड.

ही अट महामंदीच्या काळातली. शाळांचा खर्च तोवर मुख्यतः स्थानिक मालमत्ता करातून भागत असे आणि १९३३ पर्यंत जमीनमालक त्या कराखाली पिचून गेले होते. कंट्रोलर रे रायली आणि करमंडळाचे सदस्य फ्रेड स्ट्युअर्ट यांच्या योजनेने त्या वर्षीच्या जूनमध्ये मतदारांच्या संमतीने हा भार राज्याच्या तिजोरीवर आणला. पाठोपाठ अडीच टक्क्यांचा विक्रीकर आला. राज्याने मग हात सैल सोडू नये म्हणून एक लगाम घातला गेला: खर्च आधीच्या अर्थसंकल्पापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वाढला, तर दोन तृतीयांश मते हवीत. १९६२ मध्ये पाच टक्क्यांचा उल्लेख गळाला आणि प्रत्येक अर्थसंकल्पाला ही अट लागू झाली.

पुढची काही वर्षे या अटीने कुणाची वाट अडवली नाही. १९६७ मध्ये रोनाल्ड रीगन नवे गव्हर्नर झाले तेव्हा राज्याच्या खात्यात मोठी तूट होती. करांविरुद्ध बोलत निवडून आलेल्या रीगन यांनी असेंब्लीचे, म्हणजे विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे, डेमोक्रॅट अध्यक्ष जेसी अन्रू यांच्याशी बोलणी केली आणि सुमारे १०० कोटी डॉलरच्या करवाढीवर सही केली. तोवर अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने एवढी करवाढ केली नव्हती. त्यापायी रीगन यांचे राजकारण संपले नाही. १९७० मध्ये त्याच अन्रूंना हरवून ते पुन्हा निवडून आले.

मग १९७८ उजाडले. ६ जूनला मतदारांनी प्रस्ताव १३ सुमारे ६५ टक्के मतांनी संमत केला. मालमत्ता कर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर थांबला, आणि राज्याचा कुठलाही कर वाढवायला दोन तृतीयांश मते सक्तीची झाली. खर्चालाही तीच अट आणि करालाही तीच. अल्पमतातल्या पक्षाच्या हाती त्यामुळे दोन्ही कुलपांच्या किल्ल्या आल्या.

तरीही तडजोडी होत राहिल्या. १९९१ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी १४०० कोटी डॉलरहून मोठी तूट करवाढ आणि कपात या दोन्हींतून भरून काढली. पण त्यांच्या पक्षातल्या अनेकांनी त्यांना त्याबद्दल माफ केले नाही. पुढच्याच वर्षी विल्सन आणि असेंब्लीचे अध्यक्ष विली ब्राउन यांच्यात असे जुंपले की अर्थसंकल्पावर सही व्हायला २ सप्टेंबर उजाडला. महामंदीनंतर प्रथमच राज्याने वचनचिठ्ठ्या काढल्या त्या त्याच उन्हाळ्यात.

दरम्यान तडजोड करणारी माणसेच कमी होत चालली होती. १९९० च्या प्रस्ताव १४० ने असेंब्लीत सहा आणि सिनेटमध्ये आठ वर्षांची कमाल मर्यादा घातली. विरोधी बाकांवरच्या माणसाची पारख होईपर्यंत निघायची वेळ येई. २००१ मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून मतदारसंघ असे आखले की कुणाच्याच जागेला धक्का लागू नये. २००४ मध्ये विधिमंडळाच्या आणि काँग्रेसच्या मिळून १५३ जागांसाठी मतदान झाले, त्यातली एकही जागा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली नाही. आता उमेदवाराला भीती उरली होती ती फक्त पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, स्वतःच्या पक्षातल्या प्राथमिक फेरीची. करवाढीला मत दिलेला रिपब्लिकन तिथेच गारद होई.

गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी कार्यालयाशेजारच्या अंगणात एक तंबू ठोकला होता, कारण सरकारी इमारतीत सिगार ओढायला बंदी होती. गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहांतले चार पक्षनेते या पाच जणांना सॅक्रामेंटोत ‘बिग फाइव्ह’ म्हणत, आणि त्यांची बरीचशी घासाघीस या तंबूत होई. २००८ चा अर्थसंकल्प ८५ दिवस उशिरा, २३ सप्टेंबरला झाला, आणि काही आठवड्यांत कोसळला.

फेब्रुवारी २००९ मध्ये तूट सुमारे ४२०० कोटी डॉलरवर पोहोचली. पाचही नेत्यांनी समझोता केला: खर्चात मोठी कपात, आणि विक्रीकर, प्राप्तिकर व वाहन शुल्कात तात्पुरती वाढ. सिनेटमध्ये २७ मते हवी होती आणि डेमोक्रॅट होते २४. अध्यक्ष डॅरेल स्टाइनबर्ग यांनी सभागृह उठूच दिले नाही. पंचेचाळीस तासांहून अधिक काळ बैठक चालली, सदस्य जागा मिळेल तिथे डुलक्या काढत राहिले. त्यातल्याच एका रात्री रिपब्लिकनांनी आपले नेते डेव्ह कॉगडिल यांना पदावरून हटवले. समझोत्यावर त्यांची सही होती, एवढाच त्यांचा गुन्हा.

सत्ताविसावे मत होते सांता मारियाच्या एबल माल्डोनाडो यांचे. त्यांनी त्याची किंमत सांगितली: पक्षनिरपेक्ष प्राथमिक फेरीचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवा. ती मान्य झाली आणि १९ फेब्रुवारीच्या सकाळी २७ विरुद्ध १२ मतांनी अर्थसंकल्प पार पडला. अनेकांना हा सौदा वाटला, आणि तो होताच. पण माल्डोनाडो यांनी बोट नेमके दुखण्यावर ठेवले होते: प्राथमिक फेरीचे भय गेल्याशिवाय सदस्य मोकळेपणाने मत देणार नाही.

मे महिन्यात मतदारांनीच त्या समझोत्याचे बहुतेक सगळे आधार फेटाळले आणि जुलैत वचनचिठ्ठ्या निघाल्या. असेंब्लीत करवाढीला मत देणारे अँथनी अॅडम्स यांना परत बोलावण्याची मोहीम निघाली. ती सह्यांअभावी फसली, तरी ते पुन्हा उभे राहिले नाहीत. २०१० मध्ये समझोता करणाऱ्या चार पक्षनेत्यांना केनेडी ग्रंथालयाचा धैर्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीचा अर्थसंकल्प १०० दिवस उशिरा, ८ ऑक्टोबरला झाला.

नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी प्रस्ताव २५ संमत केला. अर्थसंकल्पाला आता साधे बहुमत पुरते, आणि तो १५ जूनपर्यंत संमत झाला नाही तर आमदारांचा पगार कापला जातो. पुढच्याच जूनमध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी हिशेबात चलाखी दिसलेला अर्थसंकल्प जसाच्या तसा परत पाठवला, आणि चियांग यांनी आमदारांचा बारा दिवसांचा पगार खरोखर रोखला. तेव्हापासून अर्थसंकल्प वेळेवर होतो. शाळांना आणि पुरवठादारांना पैशांसाठी ऑक्टोबरपर्यंत ताटकळावे लागत नाही, ही मोठीच कमाई आहे.

पण ‘बिग फाइव्ह’मधले दोघे, म्हणजे रिपब्लिकन पक्षनेते, आता वाटाघाटींतून बाहेर गेले आहेत. वाटाघाटी होतात त्या गव्हर्नर आणि त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या दोन सभागृहनेत्यांमध्ये. करवाढीची दोन तृतीयांश अट अजून कायम आहे, मात्र तेवढे संख्याबळही त्या पक्षाने अनेकदा एकट्याने जमवले आहे. बेकर्सफील्डच्या आसपासच्या शेतीभागातून निवडून आलेला रिपब्लिकन सदस्य भाषण करतो, विरोधात मत नोंदवतो, आणि त्याच्या मतदारांच्या पाण्याचे, रस्त्यांचे, शाळांचे आकडे तो नसलेल्या खोलीत ठरतात.