गोंगाट, संवेदन आणि मापन : लातूर-नांदेड परिसरातील भूगर्भीय आवाजांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
१५ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी लातूर शहरातील विवेकानंद चौक परिसरात जमिनीतून गूढ आवाज आल्याचे नागरिकांनी सांगितले. प्रशासनाने लातूर, औराद शहाजानी व आशिव येथील भूकंपमापन केंद्रांकडे विचारणा केली असता भूकंपाची नोंद आढळली नाही. ‘लोकांनी ऐकले, पण यंत्राने नोंदले नाही’ हा विरोधाभास मराठवाड्याला नवा नाही. अशा वेळी एक तर लोक घाबरट ठरविले जातात किंवा यंत्र निरुपयोगी ठरविले जाते. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे कसे आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात गोंगाटविषयक संशोधनाच्या इतिहासाच्या आधारे केला आहे.

यंत्राचा गोंगाट :
विज्ञानाच्या परिभाषेत गोंगाट म्हणजे केवळ कर्कश आवाज नव्हे. जे मोजावयाचे आहे त्यात मिसळणारे, न मागितलेले प्रत्येक कंपन म्हणजे गोंगाट होय. इटलीतील तिमोतेओ बेर्तेल्ली यांनी १८७० नंतरच्या दशकात लंबकाची हालचाल सूक्ष्मदर्शकातून पाहिली, तेव्हा भूकंप नसतानाही जमीन सतत थरथरत असल्याचे त्यांना आढळले. पुढे या थरथरीचा संबंध समुद्राच्या लाटांशी असल्याचे सिद्ध झाले. त्यात वाहने, कारखाने व पंप यांच्या कंपनांची भर पडते. २०२० च्या टाळेबंदीत जगभरातील २६८ केंद्रांच्या नोंदी तपासल्या असता, मानवनिर्मित भूकंपन काही काळ निम्म्यापर्यंत उतरल्याचे दिसून आले. त्यामुळे एरवी झाकले जाणारे लहान संकेतही काही ठिकाणी स्पष्ट झाले. यावरून असे म्हणता येते, की यंत्रावर नोंद नसणे म्हणजे घटना न घडणे नव्हे. ती घटना त्या ठिकाणच्या गोंगाटापेक्षा दुर्बल होती, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

किल्लारीचा धडा :
१९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसरात अनेक लहान हादरे बसले. त्यांपैकी मोठा हादरा १८ ऑक्टोबर १९९२ रोजी बसला. त्या वेळी परिसरात कायमस्वरूपी भूकंपमापन केंद्र नव्हते. हैदराबाद तेथून सुमारे २२० किलोमीटर दूर. इतक्या अंतरावर लहान हादऱ्याच्या लहरी पार्श्वकंपनात विरून जातात. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात हजारो लोकांचा बळी गेला. आधीच्या हादऱ्यांवरून हे भाकीत करता आले असते, असा दावा करणे शास्त्रीय ठरणार नाही. कारण बहुतेक लहान हादऱ्यांनंतर मोठा भूकंप होत नाही. मात्र त्या हादऱ्यांचा सर्वांत जवळचा साक्षीदार ग्रामस्थच होता आणि त्याच्या साक्षीची शिस्तबद्ध नोंद ठेवण्याची व्यवस्था नव्हती, हे मान्य करावे लागते.

कान आणि मन :
भूकंपाच्या आवाजाचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये चार्ल्स डेव्हिसन यांनी केला. हा आवाज मानवी श्रवणाच्या खालच्या मर्यादेजवळचा असल्याने एकाच ठिकाणी एकाला तो ऐकू येतो व दुसऱ्याला येत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. ही मर्यादा साधारणतः २० हर्ट्झ मानली जाते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील इंपिरियल खोऱ्यात ध्वनी व भूकंपन एकाच वेळी नोंदवून, जमिनीतील प्राथमिक लहरी पृष्ठभागावर येताच हवेत ध्वनी निर्माण करतात, हे दाखविण्यात आले. उगम उथळ व जवळ असेल तर अतिशय लहान हादराही ऐकू येतो. २००६ च्या अखेरीपासून नांदेड शहरात आवाजासह जाणवलेल्या हादऱ्यांचा उगमही उथळ असल्याचे अभ्यासात दिसून आले.

तथापि कानाची साक्षही निर्दोष नसते. १९५० नंतरच्या दशकात रडारच्या अनुभवातून ‘संकेत-ओळख सिद्धांत’ विकसित झाला. गोंगाटातून संकेत ओळखताना माणूस केवळ ऐकत नाही, तर निर्णयही घेतो. संकेत हुकण्याची किंमत मोठी वाटली की तो संशयाचा उंबरठा खाली आणतो. त्यामुळे खरे संकेत अधिक सापडतात. पण खोटे इशारेही वाढतात. १९९३ अनुभवलेल्या समाजाचा उंबरठा खाली असणे हे अज्ञान नसून अनुभवाचे फलित होय. सुरुंगाचा स्फोट, विमान वा अवजड वाहन यांचा आवाज भूकंपाचा वाटणे त्यामुळेच शक्य होते.

निष्कर्ष :
यंत्र दूरचे आणि मोठे अचूक मोजते. कान जवळचे आणि लहान टिपतो, परंतु मोजू शकत नाही. दोघेही गोंगाटातच काम करतात. म्हणून भूकंपमापक शक्यतो वर्दळीपासून दूर, कठीण खडकावर बसविणे आवश्यक आहे. त्याचबरोबर आवाज ऐकल्याची नेमकी वेळ, ठिकाण, कालावधी व ऐकणाऱ्यांची संख्या ग्रामपंचायत किंवा शाळेच्या नोंदवहीत लिहिली गेली पाहिजे. ‘ऐकू आले नाही’ ही नोंदही तितकीच मोलाची आहे. वेळ नेमकी असेल तर तज्ज्ञांना यंत्राच्या आलेखात गोंगाटाखाली दबलेला संकेत नेमका शोधता येईल. ‘नोंद नाही’ एवढ्या उत्तराने लोकांची भीती शमत नाही. सदर यंत्र किती लहान हादऱ्यापर्यंत नोंद घेऊ शकते, हेही प्रशासनाने सांगितले, तर विज्ञानावरील विश्वास दृढ होईल.