एका गाथेत आहे, दुसरीत नाही

तुकारामांचे अभंग किती, या प्रश्नाचे उत्तर आपण कोणती गाथा हाती घेतो यावर अवलंबून असते. मुंबई सरकारने दिलेल्या २४,००० रुपयांच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ व १८७३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत. तुकाराम तात्या पडवळ यांच्या १८८९च्या गाथेत ते आठ हजारांहून अधिक भरतात. सोळा वर्षांत संख्या दुपटीच्या जवळ गेली. कवी तर १६५०च्या सुमारासच निवर्तलेला!

मग पडवळांकडे आहेत आणि पंडितांकडे नाहीत, ते अभंग कोणते? काम वरवर सोपे वाटते. दोन्ही गाथांच्या चरणसूच्या शेजारी ठेवाव्यात आणि एकीत न सापडणाऱ्या ओळींवर खूण करावी. वर्गात आम्ही हे थोड्या अभंगांपुरते करून पाहिले. ‘गहाळ’ ठरलेल्यांपैकी काही अभंग दुसऱ्या गाथेत चक्क हजर होते. ऱ्हस्वदीर्घ किंवा अनुस्वाराचा फरक पडला तरी अकारविल्हे सूचीत ओळ आपल्या जागेवरून हलते. एखादा शब्द मागेपुढे झाला, एका अभंगाचे दोन झाले, की आरंभावरून शोध घेणारा फसतो. संगणकही फसतो, कारण तो अक्षरे जुळवतो, अभंग नव्हे. अशा वेळी अभंगाच्या शेवटाकडून, मुद्रिकेच्या चरणाकडून जुळणी केली तर पुष्कळ हरवलेले परत मिळतात. मात्र मुद्रिकाही नीट वाचावी लागते: ‘तुकयाबंधु’ ही मुद्रा धाकट्या भावाची, कान्होबाची, आणि त्याचे अभंग गाथेतच मिसळलेले आहेत.

एवढी चाळणी लावूनही जे उरतात, ते खरे कोडे. त्यांना ‘प्रक्षिप्त’ म्हणून मोकळे होण्याची घाई आपल्या अभ्यासात फार दिसते. पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखिते ताडून पाहिली. त्या चार प्रतींत एखादा अभंग नाही, याचा अर्थ तो त्या चार प्रतींत नाही, इतकाच. वि. ल. भावे यांनी चाकणच्या संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून वेगळी गाथा छापली, ती या मर्यादेची जाणीव ठेवूनच वाचावी. लेखकूच्या वहीत काय उतरले हे तो कोणत्या कीर्तनाला हजर होता यावरही ठरत असणार. उलट, सगळ्या गाथांत आढळतो म्हणून अभंग अस्सल, हेही खरे नाही. एकाच प्रतीच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

वाद निर्याणाच्या अभंगांचा असो की ब्राह्मण्यावरील कठोर टीकेचा, दोन्ही पक्ष गाथेचाच दाखला देतात. प्रबंधाच्या तळटीपेत मात्र बहुधा नुसते ‘तुकाराम गाथा’ आणि एक क्रमांक असतो. तो क्रमांक दुसऱ्या गाथेत भलत्याच अभंगाचा निघतो. आमच्या विद्यार्थ्यांना निदान गाथेचे संपादक आणि वर्ष लिहायला आम्ही आता सांगतो.