चित्राचा धनी कोण?



वाङ्मयाच्या इतिहासात लेखकांची चरित्रे सविस्तर येतात, प्रकाशकांचेही उल्लेख येतात. मुलांच्या पुस्तकांत चित्रे काढणाऱ्याच्या वाट्याला मात्र बहुधा एखादीच ओळ येते. वास्तविक अक्षरओळख होण्यापूर्वी मूल जे पुस्तक वाचते, ते चित्रांचेच. मग त्या चित्राचा धनी कोण? काढणारा, खोदणारा, छापणारा, की पैसे घालणारा? हा प्रश्न इंग्लंडमध्ये साधारणपणे १८६५ ते १९०५ ह्या चाळीस वर्षांत लढला गेला. त्यासाठी सभा भरल्या नाहीत की मिरवणुका निघाल्या नाहीत. तो लढला गेला पाच चित्रकारांच्या आयुष्यात आणि त्यांनी केलेल्या करारांत. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

प्रथम त्या काळची छपाई समजून घेतली पाहिजे. चित्र लाकडी ठोकळ्यावर उलटे उतरवायचे आणि कारागिराने पांढरा भाग कोरून काढायचा. म्हणजे रेघा तेवढ्या उंच राहत व त्यांना शाई लागे. ठोकळ्यावरचे मूळ चित्र ह्या खोदकामात नाहीसे होई. चित्रकाराचा हात आणि वाचकाचा डोळा ह्यांच्यामध्ये तिसराच हात उभा असे.

जॉन टेनियल ह्या पिढीतला वडीलधारा. त्याचा जन्म १८२० चा. तरुणपणी वडिलांबरोबर तलवारीचे खेळ खेळताना त्याचा एक डोळा गेला. 'पंच' ह्या साप्ताहिकातील राजकीय व्यंगचित्रांनी त्याचे नाव झाले होते, म्हणून लुई कॅरोलने 'ॲलिस'ची चित्रे त्याच्याकडे सोपवली. बेचाळीस चित्रे, डॅल्झिएल बंधूंचे खोदकाम आणि मोबदला ठोक १३८ पौंड. १८६५ साली पहिल्या २००० प्रती छापून आल्या, तेव्हा छपाई आपल्याला पसंत नसल्याचे टेनियलने कळवले. आणि कॅरोलने, स्वतः खर्च सोसलेला असूनही, ती आवृत्ती मागे घेऊन पुस्तक पुन्हा छापून घेतले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टेनियलच्या शब्दाला मान होता, पण विक्रीत त्याला वाटा नव्हता. ॲलिसचे रूप ज्याने जगाच्या डोळ्यांपुढे उभे केले, त्याचा हिशेब त्या ठोक रकमेपाशीच संपला.

आता ज्या छापखान्याभोवती ही कथा फिरते तिकडे वळू. एडमंड एव्हन्स हा मूळचा लाकूड खोदणारा; लंडनच्या फ्लीट स्ट्रीटजवळ त्याचा छापखाना होता. प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा खोदून तो रंगीत चित्रे छापी. मुलांची स्वस्त पुस्तके भडक आणि ओबडधोबडच असली पाहिजेत, हे त्याला मान्य नव्हते. संख्येने भरपूर छापली तर चांगली पुस्तकेही स्वस्त देता येतील, असे त्याचे गणित होते.

त्याने प्रथम हाताशी धरला तो वॉल्टर क्रेन. तेराव्या वर्षी लिंटन ह्या खोदकाम करणाऱ्याकडे क्रेनने उमेदवारी सुरू केली होती, त्यामुळे ठोकळ्याची नस त्याला ठाऊक होती. १८६५ पासून दहा वर्षे त्याने रूटलेज प्रकाशनासाठी सहा-सहा पेनी किमतीची रंगीत पुस्तके केली. जपानी चित्रांच्या अभ्यासातून त्याने ठसठशीत रेषा आणि सपाट रंग उचलले. पुस्तके अफाट खपली. परंतु प्रत्येक पुस्तक रूटलेज ठोक रकमेला विकत घेई. क्रेनने रॉयल्टी मागितली. ती नाकारण्यात आली. पुढे हाच क्रेन समाजवादी चळवळीचा चित्रकार झाला. ह्या एका नकारामुळे तो समाजवादी झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण श्रम एकाचे आणि फळ दुसऱ्याचे हा धडा त्याला ग्रंथातून शिकावा लागला नाही, हे खास.

क्रेन थांबल्यावर एव्हन्स रँडॉल्फ कॉल्डेकॉटकडे गेला. चेस्टर गावचा हा मुलगा आधी बँकेत कारकून होता. हिशेबाच्या कामातून सवड काढून चित्रे काढी. १८७२ साली नोकरी सोडून तो लंडनला आला. एव्हन्सशी त्याचा जो करार झाला, तो ह्या इतिहासातील वळणाचा दगड होय. एका शिलिंगाच्या प्रत्येक प्रतीमागे चित्रकाराला एक पेनी. पुस्तक खपले नाही तर काही नाही. म्हणजे त्याने वाटा घेतला तसा धोकाही पत्करला. १८७८ पासून दरसाल दोन ह्या क्रमाने सोळा पुस्तके निघाली. धावणारा घोडा, उडालेली टोपी, दाराआडून डोकावणारा कुत्रा अशा गोष्टी तो मोजक्या रेषांत सांगे. जिथे शब्द थांबतात तिथून त्याचे चित्र पुढे चालू लागे. शरीर मात्र लहानपणापासून रोगट होते. हवापालटासाठी तो अमेरिकेला गेला आणि १८८६ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, फ्लॉरिडात वारला.

केट ग्रीनअवे ही खोदकाम करणाऱ्याची मुलगी. तिच्या आईचे कपड्यांचे दुकान होते. बाप-आई दोघांचेही धंदे तिच्या चित्रांत उतरले. एव्हन्सने तिच्या पहिल्या पुस्तकाच्या, १८७९ च्या 'अंडर द विंडो'च्या, २०,००० प्रती छापायला घेतल्या तेव्हा रूटलेजला ते वेड वाटले. पण सगळ्या हातोहात गेल्या. केटला नफ्यात वाटा मिळाला आणि पुढे तो निम्म्यापर्यंत गेला. तथापि यशाने दुसरेच संकट आणले. तिच्या चित्रांतली मुले ताटल्यांवर, भिंतीच्या कागदांवर, कापडांवर दिसू लागली, आणि त्यातील बऱ्याच मालाची तिला दमडीही मिळाली नाही. पुस्तकात वाटा मिळाला, पण पुस्तकाबाहेर चित्र उघड्यावरच होते.

केट १९०१ च्या नोव्हेंबरात वारली. त्याच्या पुढच्याच महिन्यात बीट्रिक्स पॉटरबाईंनी, प्रकाशकांनी परत पाठवलेले ससुल्याचे पुस्तक स्वखर्चाने २५० प्रतींपुरते छापून घेतले. त्यांच्या वडिलांनी कॉल्डेकॉटची मूळ चित्रे जमवली होती. तीच पाहत त्या वाढल्या. १९०२ मध्ये वॉर्न कंपनीने ते पुस्तक रंगीत काढले, आणि छापले एव्हन्सच्याच छापखान्याने. पण आता लाकडावर नव्हे, छायाचित्राच्या तीन-रंगी पद्धतीने. मधला तिसरा हात गेला. पॉटरबाईंनी १९०३ साली सशाच्या बाहुलीची नोंदणीही करून ठेवली. मात्र अमेरिकेतील स्वामित्वहक्क नोंदवायचा राहून गेला आणि तिकडे चोरट्या आवृत्त्या निघाल्या. तरीही पुस्तकांच्या पैशातून त्यांनी शेते घेतली, आणि १९४३ मध्ये मृत्यूनंतर चार हजारांहून अधिक एकर जमीन राष्ट्राच्या संस्थेला दिली.

ह्याच बदलाचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळतो. १८६५ साली, म्हणजे 'ॲलिस' निघाली त्याच वर्षी, लॉकवुड किपलिंग सर जे. जे. कलाशाळेत शिकवण्यासाठी मुंबईस आले. मुलाच्या 'जंगल बुक'साठी त्यांनी चित्रे काढली. १९०१ च्या 'किम'साठी तर उठावाचे फलक घडवून त्यांची छायाचित्रेच पुस्तकात घातली. लाकडी ठोकळ्याच्या काळात हे शक्य नव्हते.

कोणी म्हणेल, कलेच्या गोष्टीत पेनी-शिलिंगांचा हिशेब कशाला? ह्यासाठी की, ठोक रकमेवर जगणाऱ्याला पुढच्या कामामागे धावावे लागते. वाटा मिळणाऱ्याला थांबून विचार करता येतो. केट आणि कॉल्डेकॉट ह्यांच्या नावांनी पुढे मोठी पदके सुरू झाली: अमेरिकेत कॉल्डेकॉटचे १९३८ पासून, इंग्लंडमध्ये केटचे १९५५ मध्ये. पदके शोभेची खरी. पण माझ्या मते, ह्या चित्रकारांचे खरे स्मारक म्हणजे ती प्रतीमागची एक पेनी. आपल्या घरातले मुलांचे एखादे पुस्तक उघडून पाहा. चित्रकाराचे नाव कोठे छापले आहे, मुखपृष्ठावर की आतल्या बारीक टायपात? आणि त्याचा हिशेब पुस्तक छापले त्या दिवशीच संपला, की पुस्तक खपते आहे तोवर चालू आहे? ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून, तो समाज आपल्या मुलांच्या डोळ्यांची किती किंमत करतो, हे कळते.