काळा पडदा, संगणकाचा (अक्कलकोट परिसर)

डेस्कटॉप संगणक चालू केल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण मॉनिटरवर काहीच उमटत नाही, या अवस्थेचे नाव. दुरुस्तीच्या दुकानांत ‘डिस्प्ले येत नाही’ किंवा नुसते ‘नो डिस्प्ले’ असे म्हणतात. निळा पडदा ही वेगळी गोष्ट. तिथे निदान विंडोज सुरू तरी झालेली असते. बहुतेक वापरकर्ते सबंध डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. त्यामुळे ‘सीपीयू गेला’ या तक्रारीवरून प्रोसेसर जळाला असे समजू नये. प्रोसेसर क्वचितच जातो. ‘बोर्ड गेला’ हे निदानही पुष्कळदा घाईचे असते.

स्थानिक परिस्थिती : अक्कलकोट हे सोलापूरच्या आग्नेयेस सुमारे ४० किमी.वर, कर्नाटकाच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. तहसील, नगरपरिषद, पतसंस्था, शाळा, सेवा केंद्रे आणि भक्तनिवासांच्या नोंदणी-खिडक्या अशा ठिकाणी येथे डेस्कटॉप दिसतात. गुरुपौर्णिमेच्या गर्दीत खिडकीवरचा पडदा काळा झाला की वहीवर नोंदी करणे हाच तात्पुरता उपाय. उन्हाळ्यात सोलापूर भागाचा पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. काळ्या मातीला भेगा पडतात, धूळ उडते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळसा घातलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत राहण्याची जुनी पद्धत याचसाठी आहे. अर्थिंग तुटलेले असेल तर कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात. वीजपुरवठ्याच्या गाळणीतील दोन कपॅसिटरांमुळे कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो, हे त्याचे कारण. प्रवाह अगदी थोडा असला तरी अशा यंत्रात हात घालण्याआधी वायरमनला बोलवावे.

उन्हाळी सुटीत बंद राहिलेले शाळेचे संगणक जूनच्या मध्यास उघडले, की एकाच खोलीतील दोन-तीन यंत्रे एकदम ‘नो डिस्प्ले’ दाखवू शकतात. भाग जळण्यापेक्षा धूळ, सैल झालेली रॅम आणि उंदराने कुरतडलेली वायर यांचाच संशय अशा वेळी आधी घ्यावा. कॅबिनेटमध्ये शिरलेली पाल तारांच्या टोकांना चिकटून मरते, तीही तपासावी.

प्राथमिक तपास : मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे येत असतील तर मॉनिटर शाबूत आहे, अडचण डब्यात किंवा केबलमध्ये. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असताना केबल मदरबोर्डच्या छिद्रात खोचणे ही नेहमीची चूक. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते (उदा. आय५-१२४००एफ), त्यात चित्रयंत्रणाच नसते, म्हणून कार्ड नसेल तर पडदा काळाच राहणार.

चालू होताच यंत्र स्वतःची तपासणी करते आणि अडले तर बीप वाजवते. अवॉर्ड बायॉसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. पुनःपुन्हा लांब बीप आल्यास रॅम पाहावी. इतर कंपन्यांचे संकेत निराळे असतात. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत स्पीकरच नसतो. काही बोर्डांवर त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट असे चार बारीक दिवे असतात. अडलेल्या टप्प्याचा दिवा पेटून राहतो.

रॅम : या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. पट्टी काढून पुन्हा बसवली की पुष्कळदा पडदा उजळतो. म्हणून कोणत्याही खर्चाआधी हे करावे. वीज बंद करून, प्लग काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला भार उतरवावा. दोन्ही खिट्ट्या उघडून पट्टी काढावी, स्लॉटमध्ये ब्लोअर मारावा आणि पट्टी दोन्ही टोकांना ‘टक्’ आवाज येईतो दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक, आणि स्लॉट बदलून पाहावी. डीडीआर३ पट्टीला २४० व डीडीआर४ पट्टीला २८८ संपर्कबिंदू असतात. खाच जुळत नसेल तर जोर लावू नये. सोनेरी कडा शालेय खोडरबराने पुसण्याची रीत सर्वत्र आहे. ती चालते हे अनुभवसिद्ध. पण पातळ मुलामा झिजतो, असा आक्षेप काही जाणकार घेतात. ते आयसोप्रोपिल अल्कोहोल सुचवतात. खोडरबर फार तर एकदा, हलक्या हाताने, आणि त्याचा भुगा झटकून, अशी तडजोड बहुतेक करतात.

डीडीआर५ असलेले नवे यंत्र पहिल्या खेपेस रॅमची जुळणी करताना काही मिनिटे काळेच राहते. या वेळी घाबरून बटण बंद करणाऱ्यांना दोष नसलेला दोष सापडतो.

वीजपुरवठा : पंखा फिरतो म्हणून एसएमपीएस (वीजपुरवठ्याची पेटी) चांगला, असा निष्कर्ष काढू नये. पंख्याला १२ व्होल्ट पुरतात, बोर्डाला ३.३, ५ आणि १२ असे तिन्ही दाब ५ टक्क्यांच्या आतबाहेर हवे असतात. २४ पिनांच्या जोडणीतील हिरवी तार काळ्या तारेशी जोडून एसएमपीएस बाहेरच चालवून पाहतात, मात्र भाराशिवाय मोजलेले आकडे फसवे ठरू शकतात. पेटी उघडू नये : २३० व्होल्टचा झोत एकदिश केल्यावर आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. राज्याच्या ग्रामीण भागाने २००५ नंतरची काही वर्षे तासन्‌तासांचे भारनियमन सोसले. लाइट परत येताना बसणारा झटका एसएमपीएससाठी लाइट जाण्यापेक्षा वाईट. लाइट गेली की बटण बंद ठेवून, ती परत आल्यावर पाच मिनिटांनी चालू करण्याची जुन्या ऑपरेटरांची सवय अजूनही उपयोगी आहे. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची यूपीएस बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत निकामी होणे नवल नव्हे.

कपॅसिटर : २००० च्या दशकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर होते. वरचा भाग फुगलेला वा पाझरलेला दिसला की रॅम पुसून वेळ घालवू नये.

सीमॉस सेल : सीआर२०३२, ३ व्होल्ट. उतरला की तारीख-वेळ चुकते. एवढ्याने पडदा काळा होतो का, याबाबत मतभेद आहेत. सेल काढून पाच मिनिटांनी घालणे निरुपद्रवी.

सॉफ्टवेअर : कंपनीचे बोधचिन्ह दिसून मग काळे झाले तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या कळा एकत्र दाबाव्यात, अन्यथा सेफ मोड.