ऑक्टोपॅड आणि मराठवाड्यातील वादक : एका वाद्याच्या सामाजिक इतिहासाची दिशा

१

वाद्यांच्या इतिहासासंबंधी आपल्याकडे जे लेखन झाले आहे त्यात शास्त्रग्रंथ आणि घराण्यांच्या परंपरा या दोनच साधनांवर भर दिलेला आढळतो. या दृष्टीने मराठवाड्याचा मान मोठा आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला आणि त्याच्या वाद्याध्यायात तत, सुषिर, अवनद्ध व घन असे वाद्यांचे चतुर्विध वर्गीकरण मांडले. तार, वायू, चर्म आणि धातू यांपैकी नाद कशातून उपजतो हे त्या वर्गीकरणाचे सूत्र होय. परंतु ज्या वाद्यातून मुळात नादच उपजत नाही त्याची गणना कोठे करावयाची? असे वाद्य गेल्या काही दशकांत नांदेड-लातूरच्या लग्नमंडपांत, जयंतीच्या मिरवणुकांत आणि भजनी मंडळांत रूढ झाले आहे. लोक त्यास ऑक्टोपॅड म्हणतात. त्यासाठी पैसा कसा साठला, ते कसे शिकले गेले आणि त्यायोगे वादकाच्या स्थितीत कोणता पालट झाला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम वाद्याचे स्वरूप पाहू. ओसाका येथे १९७२ साली इकुतारो काकेहाशी यांनी स्थापिलेल्या रोलँड या कंपनीने १९८५ मध्ये ‘पॅड-८ ऑक्टोपॅड’ हे यंत्र बाजारात आणले. एका चपट्या पेटीवर रबराच्या आठ गाद्या, चार-चारच्या दोन रांगांत बसविलेल्या, एवढेच त्याचे बाह्य रूप. या पहिल्या यंत्रात स्वतःचा एकही आवाज नव्हता. गादीवर काडी पडली की कोणत्या क्रमांकाचा स्वर, किती जोराने, एवढा संदेश तारेतून दुसऱ्या यंत्राकडे जाई आणि नाद त्या दुसऱ्या यंत्रातून निघे. हे शक्य झाले ते १९८३ साली प्रकट झालेल्या ‘मिडी’ या संकेतपद्धतीमुळे. आघाताचा जोर ० ते १२७ अशा अंकांनी सांगण्याची ही पद्धती निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देते, आणि हेच तिचे महत्त्व. पुढे याच कुळातील १९९८ च्या ‘एसपीडी-२०’ सारख्या यंत्रांत सातशे आवाज पेटीतच साठविलेले असत. त्यामुळे वेगळ्या यंत्राची गरज उरली नाही. गावोगावच्या वादकांनी आपले म्हटले ते मुख्यतः या नंतरच्या यंत्रांना. कंपनीने ठेवलेले नाव मात्र सामान्यनाम झाले आणि मराठी उच्चारात ‘ऑक्टा’चे ‘ऑक्टो’ होऊन स्थिरावले.

३

परके यंत्र पदरचे पैसे घालून आणावयाचे, त्याच्या उणिवांशी झगडावयाचे आणि अखेरीस ते आपलेसे करावयाचे, ही प्रक्रिया महाराष्ट्राला नवी नाही. फ्रान्समध्ये १८४० मध्ये पेटंट मिळालेली हार्मोनियम मराठी रंगभूमीवर आणि कीर्तनात इतकी मुरली की तिला आपण पेटी म्हणू लागलो; तरीही १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने तिला दूर ठेवले. तिच्या बारा पट्ट्यांत श्रुती बसत नाहीत हा मुख्य आक्षेप होता. त्यावर उपाय म्हणून कृ. ब. देवल आणि ई. क्लेमंट्स यांनी श्रुति-हार्मोनियम सिद्ध केली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत तिची चर्चाही झाली, पण ती सर्वमान्य झाली नाही. साधी पेटी शास्त्रदृष्ट्या सदोष असूनही टिकली आणि शास्त्रशुद्ध पेटी मागे पडली, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. जपानात १९१२ साली निघालेले, टंकयंत्रासारख्या कळांचे ‘ताइशोगोतो’ हे तंतुवाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग किंवा बेंजो झाले. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीचा आवाज तर कल्याणजी विरजी शाह यांनी क्लॅव्हियोलिन या विद्युत् वाद्यावर काढला, आणि तो ऐकणाऱ्या असंख्य लोकांना ती खरी पुंगीच वाटली. म्हणजे ऑक्टोपॅडच्या आगमनापूर्वीच आपल्या श्रोत्याचा कान नाद आणि त्याचे उगमस्थान यांची फारकत मान्य करू लागला होता.

४

आता द्रव्याचा प्रश्न. नांदेड हे १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर आले. लातूर बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद मार्गाने कुर्डुवाडीशी जोडले गेले. यामुळे एका शहराचे तोंड हैदराबादकडे, तर दुसऱ्याचे सोलापूर-पुण्याकडे, असा व्यापाराचा कल दीर्घकाळ राहिला. तथापि परदेशी विद्युत् वाद्य या दोन्ही वाटांनी सहजी येणे १९९१ पूर्वी दुरापास्तच होते, कारण जबर आयातशुल्क. उदारीकरणानंतर ती अडचण बरीच कमी झाली. उरली ती किमतीची. २०१० नंतरच्या दशकात चांगल्या प्रतीचे नवे ऑक्टोपॅड पन्नास हजार रुपयांच्या आगेमागे पडे. ढोलकी काही हजारांत मिळते, हे ध्यानात घेता अल्पभूधारक अथवा भूमिहीन कुटुंबातील वादकाला ही रक्कम केवढी वाटत असेल हे सांगणे नको.

वादकाची मिळकत पंचांगाने बांधलेली असते. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत लग्नसराई. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा. महाशिवरात्रीस लातूरची सिद्धेश्वर यात्रा. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती. १ ऑगस्टची अण्णाभाऊ साठे जयंती. पुढे गणेशोत्सव व नवरात्र. या हंगामांत मिळणाऱ्या सुपाऱ्यांतून, म्हणजे कार्यक्रमाच्या ठरावांतून, इसार हाती येतो; पण तो प्रवासभाड्यात आणि जुन्या उधारीत जिरतो. म्हणून रक्कम उभी करण्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला भिशीचा : दहा-बाराजणांनी दरमहा ठरावीक रक्कम टाकावी आणि ज्याची पाळी येईल त्याने ती उचलावी. दुसरा सामाईक मालकीचा : वाद्य संचाचे, आणि त्याच्या नावे बिदागीतला एक वाटा बाजूला. तिसरा जुन्या यंत्राचा : शहरातील वादक नवे यंत्र घेतो तेव्हा त्याचे जुने खालच्या फळीतील वादकाकडे जाते.

या तिन्ही मार्गांचा आधार पाऊस हाच होय. सोयाबीन बुडाले की लग्नाचा खर्च आखडतो आणि खर्चावर पहिली कात्री वाजंत्र्यांवर चालते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या शहरास पाणी विकतचे झाले तेथे त्या वर्षी भिशीचे हप्ते नियमित भरले गेले असतील असे मानणे कठीण आहे. पुढे २०२० मध्ये २५ मार्चपासून टाळेबंदी आली आणि लग्नसराई ऐन भरात असतानाच मांडव ओस पडले. वाद्याच्या सामाजिक इतिहासात अशा वर्षांची नोंद उत्पादनाच्या सनाइतकीच महत्त्वाची आहे.

५

शिकण्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ढोलकीवादकाचा हात बोटांवर आणि तळव्यावर घडलेला असतो. धुमेवर तळवा दाबून नाद चढवावयाचा किंवा उतरवावयाचा, ही त्याच्या कलेची खूण. रबराच्या गादीला आघात कळतो, त्याचा जोर कळतो. परंतु नाद वाजत असता तळव्याने दिलेली ओढ कळत नाही. घुमारा हवा असेल तर तो आगाऊ साठविलेला असावा लागतो, आणि मग तो प्रत्येक वेळी तसाच येतो. उलटपक्षी, हलगी एक जाड व एक बारीक अशा दोन काड्यांनी वाजते, संबळही काड्यांनीच. माहूर आणि तुळजापूरच्या देवीचे गोंधळी ज्या हाताने संबळ वाजवितात तो हात आणि हलगीवाल्याचा हात हे दोन्ही ऑक्टोपॅडला ढोलकीवाल्याच्या हातापेक्षा जवळचे आहेत. ज्यास शास्त्रीय मैफलीत कधी आसन मिळाले नाही त्याच्या हाताची तयारी या नव्या यंत्राला अधिक उपयोगी पडावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

हातापलीकडचा अभ्यास म्हणजे मांडणीचा. आठ गाद्यांवर कोणते आठ आवाज ठेवावयाचे, गाणे बदलताना कोणती मांडणी पुढे आणावयाची, याचा निर्णय वादकास करावा लागतो. यंत्राबरोबरची पुस्तिका इंग्रजीत. गुरू बहुधा नाही. तेव्हा शिक्षण होते ते दुसऱ्याचे पाहून, ध्वनिफिती ऐकून आणि चुकत चुकत. मांडणी करणे हे काम वादनाइतकेच सर्जनशील आहे, असे आमचे मत आहे.

६

येथे आपण मुख्य मुद्द्याशी येतो. गावगाड्यात हलगी वाजविणे हा मातंग वादकाचा हुन्नर होता, तसेच ते त्याच्यावर लादलेले कामही होते. कातड्याला हात लावणारा म्हणून त्याला दूर ठेवावयाचे आणि शुभकार्यात मात्र त्याच्यावाचून अडावयाचे, अशी ही व्यवस्था. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांसासारख्या हीनत्वाच्या खुणा टाकून देण्यास सांगितले. त्या विचाराच्या प्रसारानंतर वाद्य सोडणे की वाद्याचा अर्थ बदलणे, हा प्रश्न दलित वादकांपुढे उभा राहिला. आंबेडकरी जलसा आणि भीमगीते यांनी दुसऱ्या मार्गास बळ दिले. ज्या मंचावर ही गीते गाइली जात त्या मंचावर ऑक्टोपॅड आला तेव्हा त्यात कातडे नव्हते, परंपरेने ठरविलेली जात नव्हती आणि वादक खाली उकिडवा न बसता उभा राहून, प्रेक्षकांच्या समोर वाजवीत होता. यामुळे प्रतिष्ठेत पडलेला फरक केवळ आर्थिक भाषेत मांडता येणार नाही.

परंतु एवढ्यावर थांबणे हा एकांगीपणा होईल. एका पेटीत ढोलकी, हलगी, ताशा व झांज हे सर्व आवाज असल्यामुळे चार वादकांचे काम एकजण करू लागला. ज्याने भिशी उचलून यंत्र घेतले त्याची बिदागी वाढली. ज्यास ते जमले नाही तो सहवादक घरी बसला. पुढे ध्वनिमुद्रित गाण्यांचे ‘डीजे’ आले आणि ऑक्टोपॅडवादकालाही तोच अनुभव येऊ लागला. मुक्तीचे साधन आणि विस्थापनाचे साधन एकच असू शकते, हा यंत्रयुगाचा सामान्य नियम या छोट्या उदाहरणातही दिसून येतो.

७

उपसंहारादाखल साधनांविषयी एक सूचना करावीशी वाटते. नांदेड येथे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या भागाच्या स्थानिक इतिहासाला घरचे अभ्यासक्षेत्र लाभले आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी संचांच्या सुपारीवह्या, भिशीच्या चिठ्ठ्या व वादकांच्या मुलाखती जमविल्या तर या विषयाचे खरे लेखन शक्य होईल. त्याहूनही निकडीची गोष्ट यंत्राच्या स्मृतीची आहे. वादकाने वर्षानुवर्षे रचलेल्या मांडण्या पेटीत साठविलेल्या असतात. पेटी विकताना नवा मालक यंत्र मूळ स्थितीवर आणतो आणि त्या सर्व एका क्षणात पुसल्या जातात. ताम्रपट वितळवून भांडी केल्याबद्दल आपण हळहळतो. येथे तीच हानी आपल्या डोळ्यांदेखत होत आहे. शार्ङ्गदेवाने आपल्या काळातील वाद्यांचे पाटाक्षर नोंदविले म्हणून आज ते आपणास उपलब्ध आहेत. त्याच भूमीतील अभ्यासकांनी आपल्या काळाच्या वाद्याची तितकीच निष्ठेने नोंद करावी, एवढीच अपेक्षा.