आहारपूरक पदार्थांचे नियमन : लेबल, चाचणी आणि न्यायालय

शिरवळसारख्या महामार्गावरील गावातही आज औषधाच्या दुकानात जीवनसत्त्वाच्या गोळ्या व प्रथिनांची भुकटी सहज मिळते. डब्यातील पदार्थ तपासून पाहण्याचे साधन ग्राहकापाशी नसते. त्याचा सारा भरवसा लेबलावर असतो. या लेबलामागील कायद्याचा आधार कसा घडत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१९४० च्या औषधविषयक अधिनियमाने औषधे आणि १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाने अन्न नियंत्रित केले. आहारपूरक पदार्थ या दोहोंच्या सीमेवर राहिले. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २२ ने त्यांना औषधाहून वेगळा असा अन्नाचा स्वतंत्र वर्ग मानले. तथापि या वर्गाचे सविस्तर विनियम तयार होण्यास दशकभराचा काळ लागला.

दरम्यान, मे २०१३ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केवळ सूचनापत्र काढून उत्पादनाची पूर्वमंजुरी आवश्यक ठरविली. त्याविरुद्ध वायटल न्यूट्रास्युटिकल्स व इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. विनियमांसाठी अधिनियमाने घालून दिलेली कार्यपद्धती न अवलंबिता काढलेल्या अशा सूचनांना कायद्याचे बळ नाही, असा निर्णय न्यायालयाने ३० जून २०१४ रोजी दिला. १९ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

त्याच्या सहाच दिवस आधी, १३ ऑगस्ट रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने मॅगी नूडल्सवरील बंदी रद्द केली होती. हा पदार्थ आहारपूरक नव्हे. परंतु नमुन्यांची चाचणी अधिनियमानुसार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच झाली पाहिजे, हे त्या निकालातील तत्त्व या अधिनियमाखालील सर्वच अन्नपदार्थांना लागू पडते.

यानंतर २०१६ मध्ये आरोग्यपूरक व पोषणौषधी पदार्थांचे विनियम अधिसूचित झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून त्यांची अंमलबजावणी सुरू झाली. 'औषधी उपयोगासाठी नाही' ही सूचना, घटकांचे प्रमाण व सेवनाची मात्रा लेबलावर देणे बंधनकारक झाले.

वरील दोन्ही निकाल वरवर पाहता उत्पादकांच्या बाजूचे वाटतात. वस्तुतः त्यांनी शासनालाही दोन अटी घातल्या : नियम रीतसर केलेला असावा आणि चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झालेली असावी. पहिली अट बऱ्याच अंशी पूर्ण झाली आहे. दुसरीसाठी नियमित नमुने घेणारे निरीक्षक व सुसज्ज प्रयोगशाळा लागतात. त्यांच्याअभावी लेबल हे केवळ उत्पादकाचे निवेदन ठरते. त्याला पुराव्याचे मोल येत नाही. शिरवळच्या ग्राहकाचे संरक्षण अखेर यावरच अवलंबून आहे.