कोळशाच्या मुलखातला कौल

केनेडी आणि निक्सन यांचा टेलिव्हिजनवरचा वाद बहुतेकांना ऐकून ठाऊक असतो. २६ सप्टेंबर १९६०ची ती रात्र, निक्सन यांचा ओढलेला चेहरा, हनुवटीवरचा घाम. हे सारे इतक्यांदा सांगून झाले आहे की त्यात आता नवे काही उरलेले नाही. मला सांगायची आहे ती त्याच वर्षीच्या मे महिन्यातली दुसरी एक वादसभा. ती मुळीच रंगली नाही. परंतु ती ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी त्या दिवशी काय शिजले होते हे कळल्यापासून तिने माझा पिच्छा सोडलेला नाही.

आधी थोडा खुलासा हवा. आपल्याकडे तिकीट कोणाला मिळाले हे मतदाराला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळते. ते ठरवणारे वेगळेच. अमेरिकेत त्या काळी मोजक्या राज्यांतून का होईना, पण पक्षाचा उमेदवार कोण असावा याविषयी मतदारच आधी कौल देत. या प्राथमिक निवडणुकीला तेथे ‘प्रायमरी’ म्हणतात. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातला हा कौल कायद्याने पक्षप्रतिनिधींवर बंधनकारकही नव्हता. तरी साऱ्या देशाचे डोळे १० मे १९६० या तारखेकडे लागून राहिले होते.

डेमोक्रॅटिक पक्षातर्फे समोरासमोर उभे होते दोन सिनेटर. मिनेसोटाचे ह्यूबर्ट हंफ्रे हे औषधविक्याचे चिरंजीव. स्वतःही वडिलांच्या दुकानात पुड्या बांधलेले. मॅसॅच्युसेट्सचे जॉन केनेडी हे कोट्यधीश बापाचे देखणे पुत्र, आणि धर्माने कॅथलिक. ही शेवटची गोष्टच अडचणीची होती. वेस्ट व्हर्जिनियात कॅथलिक शंभरात जेमतेम पाच. १९५९च्या डिसेंबरात लुई हॅरिस यांनी केनेडींसाठी केलेल्या पाहणीत केनेडींना सत्तर आणि हंफ्रेंना तीस असे पारडे होते. पुढे केनेडींचा धर्म लोकांना कळला, आणि मतदानाला काही आठवडे उरले असताना हंफ्रे साठावर जाऊन बसले, केनेडी चाळिसावर आले. जाणत्यांनी निदान करून टाकले: हे डोंगरी लोक पोपच्या माणसाला मत देणार नाहीत.

त्या डोंगरी लोकांना मात्र पोपपेक्षा जवळची एक काळजी होती. हा सारा कोळशाचा मुलूख. खाणींत यंत्रे आली, कोळसा निघत राहिला, माणसे तेवढी बाहेर पडली. दहा वर्षांत खाणकामगारांची संख्या निम्म्याहून खाली गेली. ज्यांच्या बापजाद्यांनी देशाच्या भट्ट्या पेटत्या ठेवल्या ते आता सरकारी शिध्याच्या रांगेत उभे होते. शेतकऱ्यांकडून सरकारने उचललेला शिलकी माल तेथे वाटला जाई: पीठ, तांदूळ, दुधाची भुकटी.

हे प्रथम वाचले तेव्हा मी चमकलो, हे कबूल केले पाहिजे. साठीच्या दशकात रेशनच्या दुकानापुढे आईचा पदर धरून मी उभा राहिलेलो आहे. आमच्या पिशवीत पडणारा तो लाल गहूही अमेरिकेच्या शिलकेतलाच. अमेरिका म्हणजे कधीही न आटणारे धान्याचे कोठार, अशी माझी बालसमजूत होती. त्या कोठाराच्या दाराशी त्यांचीच माणसे पिशव्या घेऊन उभी असतील, हे मनातही आले नव्हते.

वादसभा झाली ४ मे रोजी चार्ल्स्टनला, टेलिव्हिजनवर. दोघेही एकाच पक्षाचे, त्यामुळे भांडायला मुद्दे थोडे. एकमेकांपेक्षा रिपब्लिकनांवरच दोघांनी अधिक तोंडसुख घेतले. एवढ्यात केनेडींनी शिध्याचे एक तुटपुंजे पाकीट कॅमेऱ्यापुढे धरले, आणि इतक्यावर येथली कुटुंबे दिवस काढतात असे सांगितले. हंफ्रेंनी गरिबी भोगलेली. तिच्याविषयी ते जन्मभर कळवळून बोलले. पण शिध्याचे पाकीट दाखवले ते ज्याने कधी रांग पाहिली नव्हती त्याने. याला काय म्हणावे? नाटक म्हणावे, तर पाकीट खरे होते.

या खाणवाल्यांच्या मोकळेपणाची एक गोष्ट सांगतात. एकाने केनेडींना तोंडावर विचारले, ‘आपण जन्मात हाताने दिवसभर राबला नाहीत, हे खरे का?’ केनेडींनी कबूल केले. त्यावर तो म्हणाला, ‘मग आपण काही गमावलेले नाही, बरे का!’

हंफ्रेंच्या वाट्याला आलेला मोकळेपणा मात्र जिव्हारी लागणारा होता. पैसा संपत आलेला. थिओडोर व्हाइट या लेखकाने नोंदवले आहे, की तेथला त्यांचा सारा खर्च पंचवीस हजार डॉलरच्या घरातला. केनेडींचा एकट्या टेलिव्हिजनवरचा चौतीस हजारांचा. अखेरच्या दिवसांत हंफ्रेंनी स्वतःच्या खिशातून साडेसातशे डॉलरचा धनादेश फाडून अर्धा तास मिळवला आणि मतदारांचे फोन थेट पडद्यावर घेऊ लागले. निवडक फोन जोडून देणारे कोणी जवळ नव्हते. एक खरखरीत आवाज आला: तुम्ही चालते व्हा! उत्तर द्यावे तो दुसरा फोन; मग मध्येच टेलिफोनवाली, तातडीचे काम आहे, तार मोकळी करा म्हणून. दुकानदाराच्या मुलाने गल्ल्यावर बसून निमूटपणे सारे ऐकून घ्यावे, तसे त्यांनी घेतले.

१० मेच्या रात्री निकाल आला. केनेडी २,३६,५१०, हंफ्रे १,५२,१८७. शंभरात जवळजवळ एकसष्ट मते त्या कॅथलिकाला. त्याच रात्री हंफ्रेंनी माघार घेतली. पैसे वाटून मते मिळवली अशी कुजबुज तेव्हा झाली, अजूनही होते. आणि तेथल्या स्थानिक पुढाऱ्यांची कीर्ती पाहता ती सगळीच खोटी असेल असे मला वाटत नाही. रूझवेल्टांचे चिरंजीव केनेडींच्या प्रचाराला आले होते, त्यांच्या आडनावाचा भारही त्या मुलखात मोठा होता. तरीही पाहणीवाल्यांना ‘धर्म’ असे उत्तर देणारी माणसे घरी जाऊन त्या पाकिटाविषयी बोलली नसतील, हे मला पटत नाही.

२० जानेवारी १९६१ रोजी केनेडींनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी, गरजूंना मिळणारा शिधा वाढवावा, हा त्यांचा पहिला कार्यकारी हुकूम निघाला. मेअखेरीस त्याच राज्यातल्या मॅकडॉवेल परगण्यात एका बेकार खाणकामगाराच्या कुटुंबाला प्रयोगादाखल धान्याची पहिली कुपने मिळाली. माणसे पंधरा, कुपने पंचाण्णव डॉलरची. ती घेऊन नवराबायको दुकानात गेली. आता पाकिटात काय निघेल याची वाट पाहायची नव्हती. फळीवरून हवे ते उचलायचे होते. त्यांनी पहिल्यांदा उचलला तो डुकराचे मांस आणि घेवड्याचे दाणे भरलेला एक डबा.